उत्तर जुळत नाही

क्लासमध्ये त्यांना सगळे डाउट मॅडम म्हणत. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि ते तिथंच राहिलं होतं. घरी नवरा त्यांना शंकाबाई म्हणायचा, आणि खरं सांगायचं तर हेच नाव त्यांना जास्त शोभायचं. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेणारा तो क्लास चार मजल्यांचा होता. खालच्या तीन मजल्यांवर शिकवणं चाले आणि चौथ्यावर, जिन्याच्या तोंडाशी, पाण्याच्या कूलरशेजारी शंकाबाईंचं टेबल होतं. शिकवणारे सर लोक भराभर फळा भरून निघून जात. जे डोक्यावरून गेलं ते घेऊन मुलं जिना चढून वर येत. वेळ अकरा ते सात. रविवारी फक्त दुपारपर्यंत, आणि त्याला सुट्टी म्हणायची पद्धत होती.

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर बाई इथे दोन महिन्यांसाठी आल्या होत्या. कुठेतरी कायमची नोकरी लागेपर्यंत हात रिकामे नकोत, एवढाच विचार होता. त्या दोन महिन्यांना आता एकवीस वर्षं झाली होती.

एवढ्या वर्षांत प्रश्न काही फार बदलले नव्हते. तीच कप्पी, तोच उतारावरून घसरणारा ठोकळा, तीच भिंतीला टेकवलेली शिडी. लिफ्टचा दोर तर दर आठवड्याला तुटायचा. बाईंचा नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता. तो म्हणायचा, तुझ्या पुस्तकातल्या लिफ्टा माझ्याकडे असत्या तर मला केव्हाच घरी बसवलं असतं. पहिल्यांदा बाई पोट धरून हसल्या होत्या. आता तो हे बोलला की त्या नुसत्या मान हलवत, कारण हसायलासुद्धा अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

मुलांचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "मॅडम, उत्तर जुळत नाही." कशाशी जुळत नाही, तर पुस्तिकेच्या शेवटी छापलेल्या उत्तरांशी. त्या पानांना सगळे 'की' म्हणत आणि त्यावर मुलांची अशी श्रद्धा की विचारू नका. स्वतःच्या डोळ्यांना दिसलेलं खोटं, आणि मागच्या पानावर छापलेलं खरं. काही पठ्ठे तर आधी की बघून घेत आणि मग उत्तराकडून प्रश्नाकडे उलटे चालत येत. बाईंना ते लगेच ओळखू यायचं. अशा गणितात मधेच एखादी ओळ उगवलेली असते, जिला आई ना बाप.

शंभरातल्या सत्त्याण्णव वेळा चूक मुलांचीच निघायची. म्हणून बाईंच्या तोंडात एक वाक्य बसून गेलं होतं, "की बरोबर आहे, तू नीट बघ." उरलेल्या तीन वेळा की चुकलेली असायची. त्या जागा बाईंना पाठ होत्या आणि त्यांच्या पुस्तिकेत तिथे लाल पेनाच्या फुल्या होत्या. दरवर्षी त्या अशा चुकांची यादी हेडसरांना नेऊन देत. हेडसर म्हणत, पुढच्या छपाईला नक्की करू. पुढची छपाई यायची, पुस्तिका नवी कोरी दिसायची, आणि आतमध्ये ये रे माझ्या मागल्या.

परीक्षा महिन्यावर आली तेव्हाची गोष्ट. रांग टेबलापासून जिन्यापर्यंत लागली होती आणि बाई सकाळपासून उठल्या नव्हत्या. एका मुलाची वही समोर होती, त्याला अर्ध्यावर आणून सोडलं होतं. तेवढ्यात शेजारून एक वही पुढे आली. ती खोडरबरची. या मुलीला हे नाव तिच्या बाकावरच्या मुलींनी ठेवलं होतं, कारण ती लिहिण्यापेक्षा खोडायची जास्त. खोडून खोडून वहीचा कागद पातळ व्हायचा. तिचं हे दुसरं वर्ष होतं. या खेपेला नाही झालं तर पुन्हा बसायचं नाही, असं वडिलांनी तिला शांतपणे सांगितलं होतं, आणि तेच तिला जास्त लागलं होतं. बाईंना ती आवडायची. मुलीचं डोकं स्वच्छ होतं, फक्त तिचा स्वतःचाच त्यावर भरवसा नव्हता.

प्रश्न साधा होता. जमिनीवर एक जड खोकं आहे. जमीन जास्तीत जास्त पंचवीस न्यूटनपर्यंत घर्षणाने अडवू शकते. आपण वीसच न्यूटनने ढकललं, तर घर्षण किती? मुलीचं उत्तर वीस आलं होतं. जेवढं ढकलू तेवढंच जमीन अडवणार, आणि खोकं जागचं हलणार नाही. की म्हणत होती, पंचवीस.

"मॅडम, उत्तर जुळत नाही. माझं वीस येतंय."

बाईंनी वर बघितलं नाही. "की बरोबर आहे, तू नीट बघ," त्या म्हणाल्या आणि आधीच्या मुलाच्या वहीत पुढची ओळ लिहिली. मुलगी क्षणभर उभी राहिली, मग वही छातीशी धरून निघून गेली. तो प्रश्न बाईंच्या लाल फुल्यांपैकी होता. निदान शंभर मुलांना तरी त्यांनी तो समजावला असेल.

ही गोष्ट बाईंच्या लक्षातही राहिली नसती. पण आठ दिवसांनी, पाच वाजता, त्या पाय मोकळे करायला उठल्या आणि खालच्या जिन्यातून बोलणं कानावर आलं. जिन्याच्या पायऱ्यांवर चार-पाच जणांचं टोळकं रोज बसायचं. एकाने प्रश्न वाचायचा, बाकीच्यांनी तुटून पडायचं, असा त्यांचा नेम होता. त्या दिवशी खोडरबर समजावून सांगत होती. बाई कठड्याला टेकून ऐकत राहिल्या. मुलीला इतकं सलग बोलताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

ती सांगत होती, की जमीन नेहमी पूर्ण जोर लावून अडवते. आपण वीसने ढकललं तरी ती पंचवीसच लावणार. उरलेले पाच खोक्याखाली दबून राहतात, खोकं हलत नाही म्हणून ते दिसत नाहीत. तिने एक चित्रही काढलं होतं, त्या दबलेल्या पाचांसाठी वेगळा बाण होता. बाकीचे खाली माना घालून उतरवून घेत होते. जाड भिंगांचा एक मुलगा, ज्याला सगळे दुर्बीण म्हणत, त्याने एक शंका काढली.

"पण मग खोकं उलट आपल्याच अंगावर यायला पाहिजे ना?"

"तसंच वाटतं आधी. मलाही वाटलं होतं," खोडरबर म्हणाली. "पण मॅडमनी सांगितलंय, की बरोबर आहे."

दुर्बीणने मान डोलावली आणि तोही लिहायला लागला. मॅडमचं नाव निघालं म्हणजे विषय संपला.

मुलीने आपल्या एका वाक्यापायी दोन दिवस बसून एवढं सगळं रचलं असणार, हे बाईंना स्पष्ट दिसत होतं. मूर्ख मुलीला हे जमलं नसतं. बरोबर उत्तर खोडून चुकीचं उत्तर खरं करून दाखवायला तसंच डोकं लागतं. आणि हेच डोकं घेऊन ती तीन आठवड्यांनी परीक्षेला बसणार होती. बाईंना स्वतःची मनापासून लाज वाटली. पाणी न पिताच त्या परत टेबलापाशी येऊन बसल्या.

संध्याकाळी त्या हेडसरांकडे गेल्या. हेडसर वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांनाही झोप पुरत नव्हती. त्यांनी ऐकून घेतलं आणि आठवण करून दिली, की शेवटच्या महिन्यात कीमधली चूक जाहीर करायची नाही असं ठरलेलं आहे. मागे एकदा दोन चुकांची सूचना लावली होती, तर मुलांनी सगळी पुस्तिकाच खोटी ठरवली आणि पालकांनी फोन करकरून नाकी नऊ आणले होते.

"एका प्रश्नाने काय बिघडतं, मॅडम? परीक्षा होऊन जाऊ दे. आता मुलांचा विश्वास हलवू नका."

बाई हो म्हणाल्या. हो म्हणणं सोपं होतं आणि पाठ दुखत होती. घरी नवऱ्याने विचारलं, आज चेहरा का उतरलाय, तर त्यांनी पाठीचंच नाव पुढे केलं. एकवीस वर्षांत त्यांच्या हाती ना हुद्दा आला, ना केबिन. मुलं आपल्यावर डोळे झाकून विश्वास ठेवतात, एवढी एकच मिळकत होती. तीच आता जिन्यात बसून चुकीचे बाण काढत होती.

दुसऱ्या दिवशी पाचला त्यांनी रांगेतल्या मुलांना थांबायला सांगितलं आणि त्या जिना उतरून त्या टोळक्यापाशी गेल्या. मुलं दचकून उठली. बाईंनी त्यांना बसायला लावलं आणि स्वतः उभ्याच राहिल्या.

"घर्षणाचा तो प्रश्न. मी त्या दिवशी हिची वही बघितलीच नाही. न बघता सांगितलं, की बरोबर आहे म्हणून. की चूक आहे. हिचं पहिलं उत्तर बरोबर होतं."

त्यांना वाटलं होतं, आभाळ कोसळेल. तसं काही झालं नाही. एकाने पेनाचं टोपण लावलं, एकाने खोडरबरकडे बघितलं. दुर्बीणने अगदी मनापासून विचारलं, की हाच प्रश्न परीक्षेत आला तर परीक्षावाल्यांच्या कीमध्ये काय असेल? बाईंना हसावं की रडावं कळेना. त्यांनी त्याला वर नेलं आणि आपलं टेबल ढकलायला सांगितलं, पण हलणार नाही इतपतच. त्याने ढकललं. टेबल जागचं हललं नाही.

"अंगावर आलं का?"

"नाही."

"मग वीसच."

दुर्बीण टेबलाकडे थोडा वेळ बघत राहिला, मग खाली जाऊन त्याने सगळ्यांना सांगितलं. एकेकाने तो पाचाचा बाण खोडला. रांगेतल्या मुलांनीही हे सगळं बघितलं होतं. आता ते हेडसरांच्या कानावर जाणार, हे बाईंना कळत होतं. त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. वाटायला लागणारी ताकद त्या दिवसापुरती संपली होती.

सातला रांग संपली. बाईंनी पिशवी उचलली तर खोडरबर कूलरपाशी उभी. तिला आनंद झाला असेल, असं बाईंना मनातून वाटत होतं. शेवटी तिचंच उत्तर बरोबर ठरलं होतं. पण तिचा चेहरा पडलेला होता.

"मॅडम, तुम्ही त्या दिवशी बघितलं नव्हतं, ते मला दिसलं होतं."

तिने हातातली वही छातीशी धरली.

"मला वाटलं, तुम्हाला न बघताच कळतं."

हेडसर त्यांना ओरडले असते, मुलांनी तोंडावर बोलून दाखवलं असतं, तरी इतकं लागलं नसतं. बाईंनी पिशवी खाली ठेवली.

"नाही गं. न बघता मला काहीच कळत नाही."

मुलीने वही उघडली. आठवड्याभरात ज्या ज्या गणितात तिचं उत्तर जुळलं नव्हतं, तिथे तिने स्वतःचं खोडून कीचं लिहिलं होतं. तशी अकरा गणितं होती. त्यांत आपण कुठे चुकलो आणि की कुठे चुकली, हे आता तिला सांगता येत नव्हतं. "सगळीच चूक वाटतात आणि सगळीच बरोबर," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला नव्हता. नुसता थकलेला होता, आणि सतराव्या-अठराव्या वर्षी तो तसा असावा याचं बाईंना फार वाईट वाटलं.

खालच्या मजल्यावरचे दिवे वॉचमन एकेक करून बंद करत होता. बाईंचे पाय सुजले होते, आणि घरी जाऊन आडवं पडावं यापलीकडे त्यांना जगाकडून काही नको होतं. त्या पुन्हा खुर्चीत बसल्या. मुलीला शेजारी बसवून घेतलं. पहिलं गणित त्यांना तोंडपाठ होतं, उत्तरासकट. त्यांनी चष्मा लावला, बोट पहिल्या शब्दावर ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली.

मुलगी वहीकडे बघत नव्हती. ती बाईंच्या डोळ्यांकडे बघत होती.