दिंडोरीचा हार सातपूरला

खंडेनवमीच्या सकाळी सातपूरच्या आमच्या कंपनीसमोरून गाडी काढली, तेव्हा शेजारी व्यंकटेशन बसले होते आणि त्यांच्या मांडीवरच्या बॅगेत आमचं भवितव्य होतं. चेन्नईच्या त्यांच्या मोठ्या कंपनीला विलीनीकरण हवं होतं. म्हणजे आमचा सर्व्हर चेन्नईला आणि सातपूरला कुलूप. माझा भागीदार संजय म्हणाला होता, "वैशाली, आपल्याकडे माणूस गेला की अनंतात विलीन होतो." मला हवी होती भागीदारी, दोघांनी आपापल्या जागी राहून मिळून काम करायचं. म्हणून पाहुण्यांना म्हटलं, सही नंतर, आधी आमचं काम कुठवर पोचलंय ते बघा.

काम सांगायला सोपं आहे. गावोगावच्या कार्यालयांना आम्ही थिन क्लायंट देतो, डब्याएवढा संगणक. त्याच्या पोटात काही साठत नाही. सगळं चालतं सातपूरच्या सर्व्हरवर, डबा नुसता दाखवतो.

दिंडोरीच्या अलीकडे मिसळ खाल्ली. मी पाहुण्यांसाठी कमी तिखट सांगितली, तर त्यांनी तर्री (वरचा झणझणीत रस्सा) मागून घेतली आणि घामही आला नाही. मी जरा हिरमुसलेच.

दिंडोरीत छाटणीचे दिवस. द्राक्ष संस्थेच्या आवारात ट्रॅक्टर, ब्लोअर (फवारणीचं यंत्र), कात्र्या, सगळं झेंडूत बुडालेलं. आत टेबलावर आमच्या डब्यालाही हार. बघून ऊर भरून आला. संस्थेचे अध्यक्ष तात्या त्यावर हात ठेवून म्हणाले, "लय (खूप) गुणाचा हाय."

व्यंकटेशन हिंदीत बोलून गेले, "इसमें तो कुछ नहीं है. सब सातपूर में है."

तात्यांचा चेहरा उतरला. "मंग आम्ही पूजा कशाची केली?"

तात्यांनी हार हळूच काढून बाजूला ठेवला. पाहुण्यांचा असा राग आला म्हणून सांगू. पण खोटं तर ते बोलले नव्हते.

वणीत नवरात्राची गर्दी, गाडी लावायलाच जीव मेटाकुटीला आला. भक्तनिवासाच्या खिडकीत सुनीताताई आमच्या डब्यावर खोल्या देत होत्या. एका यात्रेकरूचं नाव लिहिता लिहिता लाइट गेली. व्यंकटेशननी कपाळाला हात लावला. थोड्या वेळाने लाइट आली, डबा सुरू झाला, आणि पडद्यावर अर्धं नाव तसंच उभं: 'सोन'. ताईंनी पुढे 'वणे' लिहिलं आणि किल्ली दिली.

"लाइट इथली जाते," त्या पाहुण्यांना म्हणाल्या, "सातपूरची वैशालीताई जाऊ देत नाहीत." मी उगाच ओढणी सारखी केली. अशी शाबासकी घरच्यांनीसुद्धा कधी दिली नाही मला.

संध्याकाळी परतलो तर आमच्या गेटवर दिंडोरीची पिकअप उभी. तात्या चार शेतकरी घेऊन आले होते. हातात ताजा हार आणि नारळ.

"पोरी, खरा कोण हाय तो दाखव. सकाळचा हार चुकीच्या दारी गेला."

सर्व्हरच्या खोलीत पाण्याचा थेंब चालत नाही, म्हणून नारळ उंबऱ्याबाहेर फोडला आणि हार दाराला बांधला. तात्यांनी चपला काढल्या. मागोमाग व्यंकटेशन वाकून बुटाची नाडी सोडू लागले. म्हणाले, आज आमच्याकडे आयुधपूजा, यंदा घरी जाता आलं नाही. मग त्यांनीच चौकटीला कुंकू लावलं.

संजयने तात्यांना चेन्नईचं सांगितलंच होतं. तात्या शांतपणे म्हणाले, "सायबाला इचार, हे तिकडं नेल्यावर पुढच्या खंडेनवमीला आम्ही हार घेऊन कुठं जायचं?"

मी जसंच्या तसं हिंदीत सांगितलं, एक शब्द मऊ न करता. खोबऱ्याचा तुकडा हातात धरून व्यंकटेशन अंगणात गेले आणि त्यांनी चेन्नईला फोन लावला.

दिवसभर मी त्यांना आमचा मुलूख दाखवत हिंडले, आणि दाखवण्यासारखं होतं ते आपल्या पायांनी आमच्या दारी चालत आलं. आमच्या माणसांचा इतका अभिमान मला आजवर वाटला नव्हता. फोन बराच वेळ चालला, सगळा तमिळमध्ये. त्यातले दोनच शब्द मला कळले: सातपूर आणि पार्टनरशिप.