वाटणीतला धोंडा

वाटणीत दिराने ओढ्याकडची काळी जमीन घेतली आणि भोकरच्या बाजूचा माळ आमच्या गळ्यात घातला. माळावर नुसते धोंडे. हत्तीएवढे, एकावर एक बसलेले. सर्वांत मोठा तर गाडीच्या चाकाएवढ्या जागेवर उभा. "वैनी, आता दगड पेरा," असं दीर भर बैठकीत म्हणाला. सगळे हसले. आमच्या मालकांना भांडण जमत नाही, तेही हसले. मी ते अजून विसरलेले नाही.

पुढे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडे भांडी वाजली, धोंडा जागचा हलला नाही. नंतर नांदेडला क्लासेस वाढले. एका रविवारी भूगोलाचे सर जीपभर पोरं घेऊन आले. हे कुणी रचलेलं नाही, भेगांत पाणी शिरून मऊ भाग झिजला आणि टणक तेवढा उरला, असं त्यांनी सांगितलं. पोरांनी पाणी मागितलं, मग चहा. पुढच्या रविवारी मी चहा विकायला चूलच मांडली. जीपा वाढत गेल्या.

तेव्हा दीर खडीवाल्याला घेऊन आला. आमच्या दोघांच्या जमिनीमधला बांध धोंड्याच्या पोटाखालून जात होता.

"अर्धा माझ्या हद्दीत हाय. फोडणार. उद्या पोरांवर पडला तर?"

"भूकंपानं पडला न्हाई भाऊजी, तुमच्या काळजीनं पडंल व्हय? न्या तुमचा अर्धा. माझ्या अर्ध्याला धक्का लागू देऊ नका."

खडीवाला वर बघून म्हणाला, "आधी तुमचं ठरवा. परवा मशीन आणतो."

दुसऱ्या दिवशी मी दिराच्या ओसरीवर बसले. धोंड्याखालची पट्टी मागितली आणि बदल्यात कडुनिंब देऊ केला. नको. बांधाचं गवत देऊ केलं. नको. त्याचा डोळा सामायिक विहिरीतल्या आमच्या पाण्याच्या पाळीवर होता. मी तडकून उठले, फाटकापर्यंत गेले. बाजारात एवढ्यावर माणूस हाक मारतो. त्याने मारली नाही. मी परत फिरले आणि पाळी सोडली.

"पण जीपांचा रस्ताही तुमच्या बांधावरून. तलाठ्यासमोर, कागदावर."

"लई झालं वैनी."

"पाणी लई न्हाई व्हय?"

त्याने रस्ता दिला.

आता चहाचं पाणी गावातल्या हापशावरून डोक्यावर आणते. वाटेत विहिरीवर त्याची मोटार चालू असते, ऊस हिरवागार असतो. अंगाची लाही होते, पण थांबत नाही. जीपा नऊला येतात, त्याआधी चूल पेटली पाहिजे.