शेजारच्या दारावरचं आडनाव

शेजारच्या दारावर आज नवी पाटी लागली आणि नेदरलँड्समधल्या आर्नहेम शहरातली ती दुपार आठवली. शेजारचे एकटे, स्पेनमधल्या कॅटलोनियाचे आजोबा हॉस्पिटलात शेवटच्या घटका मोजत होते. ‘त्यांच्या घरच्या कोणाला तरी लवकर बोलवा,’ नर्स फोनवर म्हणाली. आजोबांचं आडनाव डोंगरातल्या एका मळ्यावरून पडलेलं, आता मोजक्याच घरांत उरलेलं, हे त्यांनीच सांगितलं होतं. एक आडनाव, एक गाव, म्हणजे भाऊबंदच, असं माझं मराठी डोकं! इंटरनेटवर सापडलेले त्या आडनावाचे सगळे नंबर मी रडकुंडीला येऊन फिरवले. ‘आम्ही नाही ओळखत हो,’ प्रत्येकाचं तेच. शेवटचा नंबर देशाचा कोड न बघताच लावला, तर भिंतीपलीकडे आजोबांच्या रिकाम्या घरात फोन वाजायला लागला. तो नंबर मी अजून पुसलेला नाही.