मावशीच्या खोलीतली माझी पाळी

अक्षर वाईट आहे. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ नाही. दिवसभर चांदीच्या पैंजणाच्या बारीक कड्या जोडून बोटं आखडतात, म्हणून ओळही वाकडी जाते. ही वही कुणाला दाखवायची नाही, पण उद्या कुणाच्या हाती लागलीच तर त्यानं चुका पोटात घालाव्यात. मार्थामावशी गेली, तिच्याबद्दल लिहायचं आहे. तोंडानं मला कधी धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

ती गेल्याची बातमी माझ्या थोरल्या जावेनं आणली, शालिनीआक्कानं. आमची घरं दोन बोळांच्या अंतरावर, तरी तीन वर्षांत ती आमची पायरी चढली नव्हती. त्या सकाळी दारात उभी राहिली, चपला न काढताच. "मावशी गेली गं पहाटं," म्हणाली. मी म्हटलं, "आत ये की आक्का, पाणी तरी..." "नगं," म्हणाली आणि वळली. मी हातात चिमटा धरून तशीच बसले. रडू यायच्या आधी मनात आलं ते एवढंच, की आता माझी वाट बघणारं कुणी उरलं नाही.

मावशी नात्याची नव्हे. आयुष्यभर नर्स होती, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर चर्चच्या मागच्या आवारात एका खोलीत राहायची. दर बुधवारी दुपारी तिच्याकडे आम्हा चर्चमधल्या बहिणींची प्रार्थना असे. खिडकीखाली घोंगडीचा एक तुकडा, त्यावर ती, आणि भोवती आम्ही सात-आठजणी. ती आधी नुसतं गप्प बसायला लावायची, चांगली वीस मिनिटं. एखादीनं घाईनं नवऱ्याची दारू, मुलीचं लग्न, पाण्याचं कनेक्शन असं सुरू केलं की म्हणायची, "अगं थांब, वाण्याला यादी दिल्यागत काय सांगतीस? जरा बस की त्याच्याजवळ." मग पाळीपाळीनं प्रत्येकीनं मोठ्यानं प्रार्थना करायची. माझी पाळी आली की मी शेजारणीचा हात दाबून पुढे ढकलायची. शेवटचं आमेन तेवढं सगळ्यांबरोबर म्हणायची, म्हणून बायकांनी माझं नाव आमेनबाई पाडलं होतं. मावशी त्यांना म्हणायची, "तिचं आमेन तरी खरं हाय. तुमची भाषणं देव कवा ऐकतोय कुणास ठाऊक!"

एकदा मी तिला म्हटलं, मावशी, हुपरीच्या शेठजींकडून आणलेलं पैंजणाचं काम पुरं करायचं, स्वयंपाक करायचा, प्रार्थनेला वेळ कुठून आणू? ती दुसऱ्या दिवशी घरी आली आणि माझं काम बघत बसली. मग म्हणाली, "सुमे, एका कडीला एक माणूस घे. नुसतं नाव घे आणि कडी जुळेपर्यंत देव त्याच्याकडं कसा बघत असंल तसं बघ. मागू नको कायबी." मला ते जमलं. आधी घरातली माणसं झाली, मग बोळातली, मग कागलच्या एमआयडीसीत माझ्या नवऱ्यावर खेकसणारा साहेब, मग बसमध्ये माझं कड्यांचं पुडकं लाथेनं सरकवणारा कंडक्टर. प्रार्थना म्हणजे मागणं एवढंच मला माहीत होतं. आता पैंजण हातात घेतला की घर माणसांनी भरून जायचं. फक्त एक नाव आलं की चिमट्यातून कडी निसटायची. मग मी ते नाव सोडून पुढचं घ्यायची.

ते नाव शालिनीआक्काचं. तीन वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन निघालं, तेव्हा आक्कानं भिशीचे बारा हजार माझ्या हातात ठेवले. "तुझ्या भावजींस्नी कळू देऊ नको, मरस्तवर न्हाय," म्हणाली. नवऱ्याला मी सांगितलं की शेठजींकडून उचल घेतली. पण महिन्यात भावजींना भिशीचे पैसे दिसेनात, आणि त्यांच्या दटावणीपुढे आक्कानं खरं सांगून टाकलं. हे मला ठाऊक नव्हतं. भावजी तिला घेऊनच आमच्या दारात आले. "हिनं तुला पैसे दिलेत काय?" त्यांचा आवाज ऐकला की आधीच माझी जीभ टाळ्याला चिकटते. आक्का त्यांच्या मागे उभी. मला वाटलं ती मला दिल्या शब्दाची आठवण करून देतेय. मी म्हटलं, "न्हाय." भावजी तिच्याकडे वळून म्हणाले, "बघ! म्हणजे मलकापूरला माहेरातच घातलेस." आक्कानं माझ्याकडे जे बघितलं ते... पुढचं एक वाक्य बोलायचं होतं. ते त्या दिवशी निघालं नाही, आणि मग दर दिवशी आणखी अवघड होत गेलं.

आक्काही बुधवारी यायची. एका बुधवारी तिनं प्रार्थनेचा विषय मांडला, "माझ्यावर एक आळ हाय, तेवढा जाऊ दे." मावशीनं प्रार्थना केली आणि शेवटी माझ्या तोंडून सवयीनं आमेन गेलं, मोठ्यानं. आक्का उठून बाहेर गेली. त्यानंतर मावशीनं मला थांबवून घेतलं. "तुझी प्रार्थना उंबऱ्याशी अडखळतीय, सुमे. काय हाय तिथं?" मी पदराचं टोक पिळत बसले. ती पुन्हा विचारेल असं वाटलं, पण तिनं कधी विचारलं नाही. पैसे मी तोवर कडीकडीनं साठवून तांदळाच्या डब्यात ठेवले होते, पुरे बारा. पण गुपचूप दिले असते तर आक्कावरचा आळ तसाच राहिला असता. पैसे द्यायचे होते ते भावजींच्या समोर, आणि मी खोटं बोलले हे तोंडानं सांगून.

मग मावशीला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ती, जिनं सगळ्यांसाठी प्रार्थना केली, तिला 'प्रभू' एवढंही म्हणता येईना. आम्ही सगळ्या हॉस्पिटलात तिच्या खाटेभोवती उभ्या राहिलो. एकेकीनं प्रार्थना केली. मग मावशीनं डावा हात उचलला आणि माझ्याकडे बोट केलं. खाटेच्या पलीकडे आक्का. मी तोंड उघडलं. "प्रभू..." म्हटलं, आणि पुढे काहीच नाही. मावशी बघत राहिली, रागानं नव्हे, कडी जुळेपर्यंत बघावं तसं. मग तिनं डोळे मिटले.

दोन दिवसांनी मी एकटी गेले. तिच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं, बारा हजार, भावजी, आमेन, सगळं. माझ्या हातातला तिचा अंगठा हलला. मी नर्सला विचारलं, तर ती म्हणाली, असा आपोआप हलतो कधी कधी. ऐकलं की नाही ते मला कधीच कळणार नाही. त्या आठवड्यात ती गेली.

पाच आठवडे झाले. खोली रिकामी करायची होती, म्हणून गेल्या बुधवारी तिथं शेवटची प्रार्थना ठेवली. भांडी, खाट सगळं गेलं होतं, खिडकीखाली तेवढी घोंगडी होती. तिच्यावर कुणी बसलं नाही. सवयीनं सगळ्या गप्प बसलो. पाळी फिरत माझ्यापर्यंत आली, शेजारणीनं आपणहून हात पुढे केला, दाबायला. मी तो दाबला नाही. उठले, आणि आक्कासमोर जाऊन म्हटलं, "आक्का, चल घरी." बायका बघत राहिल्या. त्यांना म्हटलं, "आमी येतो माघारी, बसा." एवढं मोठ्यानं मी त्या खोलीत पहिल्यांदाच बोलले.

आधी माझ्या घरी गेलो. तांदळात कोपरापर्यंत हात घालून पिशवी काढली. आक्का दारात उभी राहून बघत होती. तिच्या घरी भावजी पेपर वाचत होते. मी म्हटलं, "भावजी, आक्कानं पैसे मला दिलेते. मी खोटं बोलले." आणि पिशवी पेपरावर ठेवली.

भावजींनी चष्मा काढला. आक्का एकदम म्हणाली, "तीन वर्सं! अगं, मी तुला गप बस म्हटलंतं, मुकी हो म्हटलं नव्हतं." आणि तोंडाला पदर लावून मटकन खाली बसली. भावजी तिच्याकडे बघत होते. त्यांनाही काही बोलता येत नव्हतं. ते मी पहिल्यांदाच बघितलं... मला पळत जाऊन मावशीला सांगावंसं वाटलं, आणि लगेच आठवलं की तिथं आता नुसती घोंगडी आहे, आणि तिच्याभोवती बायका आमच्यासाठी गप्प बसून आहेत.

भावजींनी अंगठा ओला करून नोटा मोजल्या. तांदळाचे दोन दाणे पेपरावर पडले. पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

"बारा हजार," आक्काकडे बघत ते म्हणाले. "पुरे हायत."