रिकाम्या बाटलीची तपासणी

सिल्वासाच्या आमलीतल्या एका पाइपवाल्याने मला फसवलं. फूड ग्रेड सांगून त्याने भलताच पाइप माझ्या गळ्यात मारला, आणि त्या पाइपातून गेलेला माल मी माझ्या गरोदर सुनेला पाच महिने खाऊ घातला.

खानवेलच्या रस्त्याला माझे स्पिरुलिनाचे हौद आहेत. स्पिरुलिना म्हणजे हिरवं शेवाळ. हौदात वाढवायचं, कापडावर गाळायचं, वाळवून दळायचं आणि गोळ्या पाडायच्या. हौदापासून गाळणीपर्यंत ते एका मऊ, पारदर्शक पाइपातून येतं. सुनेला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा डबी मीच तिच्या हातात दिली. म्हटलं, "आपल्या घरचं आहे. रोज दोन घे." तिने आत काय आहे ते विचारलंसुद्धा नाही.

मग पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने अट घातली: प्लास्टिकमधून उतरणारी रसायनं मालात आहेत का, ते तपासून आणा. मला हसू आलं. शेवाळात प्लास्टिक कुठून येणार? तरी गोळ्या घेऊन प्रयोगशाळेत गेलो. झिपची कोरी पिशवी, तिच्यावर दुसरी, वरून टेप. मी उभा जन्म सिल्वासाच्या कारखान्यांत काढला. आम्हा लोकांच्या लेखी नवं प्लास्टिक म्हणजे सोवळं.

तिथली केमिस्ट नाशिकची, माझ्या सुनेच्याच वयाची. तिने पिशवीला हातही लावला नाही.

"काका, साक्षीदाराला चोराच्याच गाडीतून आणलंत की!"

माझं डोकं फिरलं. पण तिने शांतपणे काचेच्या बाटल्या पुढे ठेवल्या. त्या भट्टीत भाजून काढलेल्या होत्या, झाकणाखाली फॉइल होती. हौदातलं शेवाळ, पाइपातून आलेलं शेवाळ, भुकटी, गोळ्या आणि पाइपाचा तुकडा, सगळं वेगवेगळं आणायला सांगितलं.

त्या बाटल्या घरी टेबलावर पाहून सून म्हणाली, "बाबा, या कशाला?"

"गोळ्या तपासायला."

"मी घेते त्या?"

"त्याच."

डबी उचलून तिने सर्वांत वरच्या फळीवर ठेवली. त्या क्षणापासून पुण्याचं गिऱ्हाईक माझ्या डोक्यातून गेलं.

तपासणीच्या दिवशी मी जाऊन तिथेच बसलो. केमिस्टने आधी माझा नमुना घेतलाच नाही. नमुना विरघळवायचं औषध तेवढं घातलेली रिकामी बाटली यंत्राला दिली.

"रिकाम्या बाटलीत काय तपासणार? ती बिलातून काढा," मी म्हणालो.

"ती काढली तर बाकीचं सगळं फुकट, काका. बघा तर."

पडद्यावर सपाट रेघ सरकत होती. मध्येच त्या रेघेने एक इवलीशी टेकडी उचलली. बाटलीत काही नव्हतं, तरी टेकडी होती.

"ही आमची," ती म्हणाली. "खोलीतली, हवेतली, माझ्या हातांची. आधी आमचं मोजायचं, मग तुमचं."

मी बघतच राहिलो. वाणी माल घालण्याआधी तागडीचा धडा करतो, रिकामी पारडी सारखी करून घेतो, हे मी लहानपणापासून पाहिलंय. पण तो करताना अंगठ्याने पारडं दाबणारेच मला जास्त भेटले, आणि खोटं कशाला बोलू, कधीकधी मीही दाबलंय. स्वतःचा दोष सगळ्यांत आधी पारड्यात टाकणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मग हौदाचं शेवाळ लावलं. रेघ जवळजवळ रिकाम्या बाटलीसारखीच. माझा जीव भांड्यात पडला. त्यानंतर पाइपातून आलेलं शेवाळ लावलं, आणि टेकडीचा डोंगर झाला. भुकटीत तोच डोंगर, गोळीतही तोच. शेवटी पाइपाचा तुकडा लावला तर शिखर पडद्याच्या वर निघून गेलं.

"प्लास्टिक मऊ करायला तेल घालतात," ती सांगू लागली. "ते आत बांधलेलं नसतं. हळूहळू सुटतं. शेवाळासारखी गोष्ट मिळाली की तिला चिकटतं."

ते तेल मला ती काय सांगणार! धुळ्याहून आलो तेव्हा माझं पहिलं काम तेच होतं. पाइपाच्या कारखान्यात कोरड्या पांढऱ्या भुकटीत मी कॅनने ते ओतायचो, आणि दगडासारखं होणारं प्लास्टिक कणकेसारखं वळायचं. हात दिवसभर बुळबुळीत. ते तेल पुढे कुठे जातं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. डोळ्यांना न दिसणारं ते तेल आज माझ्यापुढे डोंगर होऊन उभं होतं.

"पोटात गेलं तर काय होतं?"

"किती आहे ते मी सांगते. त्याने काय होईल ते डॉक्टरांना विचारा. यंत्र जेवढं बोलतं तेवढंच मी बोलणार."

डॉक्टर म्हणाल्या, सोनोग्राफी ठीक आहे, पण यापुढचं खात्रीने सांगता येत नाही, गोळ्या बंद करा. मी माल थांबवला, स्टीलचा पाइप बसवला आणि आमलीला गेलो.

"फूड ग्रेड म्हणाला होतास ना?"

"शेठ, भाव तुम्ही तोडला. त्या भावात देवपण फूड ग्रेड नाही देणार."

"मग तेव्हा तोंड शिवलं होतं?"

"बोललो असतो तर तुम्ही बाजूच्या दुकानात गेले असते."

मला सगळं आठवलं. त्याने आधी एक रोल दाखवला होता. मी भाव पाडत गेलो. तो आत गेला, तसाच दिसणारा दुसरा रोल घेऊन आला आणि म्हणाला, "आ पण चोक्खो, शेठ, हापण एकदम शुद्ध. माझी पोरं ह्यातूनच पाणी पितात." सौदा जिंकला म्हणून मी खूश होऊन घरी आलो होतो.

भाव मी पाडला, हे मी सुनेला सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं. पोटावर हात ठेवून तिने एवढंच विचारलं, "बाबा, त्या पाइपातलं तेल खाण्यात उतरतं, हे त्या माणसाला माहीत होतं?"

याचं उत्तर माझ्याजवळ नाही. ते त्याचं आहे. भाव मी कमी करायला सांगितला होता, पाइप बदलायला नाही. त्याने टोकरखाड्याला माझ्या घरी यावं. चहा मिळेल, मी आवाज चढवणार नाही. पण तिच्यासमोर बसून त्याने सांगावं: दुसरा रोल आणायला आत गेलास, तेव्हा तुला माहीत होतं की नव्हतं?