राखून ठेवलेली जागा

संगमनेरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी मराठी शब्दांची छोटी प्रोग्रामिंग भाषा केली होती, ती चालवणाऱ्या इंटरप्रिटरसकट. त्यात ॲरेला, म्हणजे नोंदी ओळीनं ठेवायच्या खणांना, मी ‘बिऱ्हाड’ म्हणायचे. ॲरे भरला की मेमरीत दुसरीकडे मोठी जागा घ्यायची आणि जुनं सगळं उचलून तिकडे न्यायचं. मला दुसरा शब्द सुचलाच नाही. आम्ही शेवगावकडचे, आईबाप ऊसतोडीला जाणारे.

मी दर वेळी दुप्पट जागा घेत होते. थोडी रिकामी पडते, पण हलवाहलव क्वचित होते. ही अक्कल आईची. मागून मावशीची माणसं येणार म्हणून ती कोपी, म्हणजे तळावरची पाचटाची झोपडी, आधीच ऐसपैस घालायची. प्रोजेक्टच्या सरांना ते खपलं नाही. मेमरी काय फुकट आलीय का, म्हणत त्यांनी एकेकच खण वाढवायला लावला. मी वाद घातला. सही हवी असेल तर बदल, म्हणाले. बदललं.

मग पुण्याच्या कंपनीचे साहेब आले. नोकरीची जागा एकच होती. ती हुकली तर मीही कोयता धरायचा, हे घरात ठरलेलं होतं. साहेबांनी भलीमोठी फाईल दिली आणि माझा प्रोग्राम रखडला. एक नोंद आली की आधीच्या सगळ्या उचल, नव्या जागी ठेव. पुढची आली की पुन्हा सगळ्या उचल. साहेबांचा चहा संपला तरी उत्तर येईना. थोडी जागा राखून का ठेवली नाही, असं त्यांनी विचारलं. मी सरांकडे पाहिलं.

सर हसले. “यांच्या लोकांना बिऱ्हाड हलवायची सवयच असते.”

साहेबही हसले, माझ्या वर्गातली पोरंही हसली. तो चहाचा कप सरांच्या तोंडावर फेकावासा वाटला. आजही वाटतो. नोकरी हसणाऱ्यांपैकीच एकाला लागली.

संध्याकाळी साखर कारखान्याच्या तळावर गेले. आई चुलीपुढं होती. झालं का, तिनं विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. ती रडेल, निदान सरांना चार शिव्या देईल, असं मला वाटलं होतं. तिनं उठून कोपीतलं गोणपाट बाजूला सारलं. मागं एका माणसापुरती जागा होती, सारवलेली. कोपऱ्यात नवा कोयता.

“कोपी घातली तवाच ठिवलीय,” ती म्हणाली. “मला ठावं हुतं.”