अक्काचा राजयक्ष्मा

मंडळी, आज सकाळी शेजारची सायली टीबीचा रिपोर्ट घेऊन आली. "आजी, क्षय म्हणजे संपणंच ना?" एवढंच विचारून रडायला लागली.

मला माझी मोठी बहीण आठवली. पन्नासच्या दशकात आम्ही कल्याणला राहायचो. अक्काच्या खोकल्यातून रक्त पडू लागलं, तशी सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडली.

वैद्यबुवा म्हणाले, "राजयक्ष्मा."

अक्काने विचारलं, "राजाचा रोग मला कसा?"

"राजा म्हणजे चंद्र, नक्षत्रांचा राजा. दक्षाच्या शापाने तो झिजू लागला. हा रोग पहिल्यांदा त्याला झाला, म्हणून हे नाव."

"मग तो बरा झाला?"

"झिजतो, पण पुन्हा भरतो."

अक्का त्या आशेवर जगली. नवी इंजेक्शनं निघाली होती, पण आमच्यापर्यंत पोचायला उशीर झाला. चंद्र भरत असतानाच अक्का गेली.

सायलीला म्हटलं, "तुझ्यासाठी औषध आहे. एकही गोळी चुकवू नकोस."

ती हळूच म्हणाली, "सासूबाईंना अजून सांगितलं नाही. तुम्ही याल माझ्याबरोबर?"

आता तिच्याकडेच निघालेय. तुम्ही असतात तर त्या सासूबाईंना काय सांगितलं असतं?